वर्षाचे उत्पन्न किती?

मल्हारराव होळकरांचे नाव वागवणारे मल्हारगंज इंदूरच्या जुन्या पश्चिम भागात आहे. बडा गणपती, सीतलामाता बाजार, सराफा ही सगळी ठिकाणे तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मोहल्ल्यात सरकारी ‘लाल अस्पताल’ आहे, आणि आता मल्हारगंज हे एका तहसिलीचेही नाव आहे. म्हणजे महाराष्ट्रात ज्याला उत्पन्नाचा दाखला म्हणतात आणि इंदुरात ‘आय प्रमाण पत्र’, तो कागद देणाऱ्या कचेरीचे. त्या अर्जात एक रकाना असतो: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न. पगारदार तो हातासरशी भरतो. मंडप-डेकोरेशनवाला, घरी शिलाई करणारी बाई, लग्नाच्या पंगतींची कंत्राटे घेणारा आचारी, कमिशनवर कापड विकणारा दलाल, ई-रिक्षा चालवणारा मुलगा यांचा पेन मात्र तिथे थबकतो. देवउठनी एकादशीपासून वाहू लागलेला पैसा चातुर्मासात आटतो. त्यातून २०२६ सारखा अधिक ज्येष्ठ ऐन लग्नसराईत, १७ मे ते १५ जून असा आला, तर हंगामातला महिनाच कापला जातो. हा माणूस लबाडी म्हणून गप्प बसत नाही. त्याला खरोखरच आकडा ठाऊक नसतो.

प्रस्तुत पुस्तक या रकान्याभोवती लिहिलेले आहे. आरोग्यविम्याला सरकार दोन वाटांनी हात देते. एक अनुदानाची: हप्ता पूर्ण किंवा अंशतः सरकार भरते. दुसरी कराची: हप्ता भरणाऱ्याचा आयकर कमी होतो, किंवा हप्त्यावरचा कर माफ होतो. यातल्या बहुतेक मदती ‘तुमचे उत्पन्न किती’ या प्रश्नावर टांगलेल्या आहेत. उत्तर अंदाजाने द्यायचे असेल, तर अंदाज कधीतरी चुकणारच. त्या चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा? सरकारने, विमा कंपनीने, की त्या घराने? या विषयावरचे सगळे कायदे, योजना आणि वाद अखेर इथेच येऊन ठेपतात. माझ्या मते बहुतेक योजनांनी हा भुर्दंड घरावरच टाकला आहे, आणि तोही कोणाच्या फारसा लक्षात न येता.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी वैचारिक पार्श्वभूमी. आरोग्याच्या अर्थशास्त्राचा आरंभ केनेथ ॲरो यांच्या १९६३ च्या निबंधापासून मानतात. आजार कधी येईल आणि उपचाराने काय होईल या दोन्ही बाबी अनिश्चित असल्याने दवाखान्याचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही, असे त्यांनी मांडले. १९७६ मध्ये रॉथशील्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी दाखवले की, विमा कंपनीला गिऱ्हाइकाची खरी जोखीम कळत नसेल, तर निरोगी माणसाला हवे तेवढे संरक्षणच बाजारात मिळेनासे होते. या परंपरेचा सगळा भर आजाराच्या अनिश्चिततेवर आहे. उत्पन्नाच्या अनिश्चिततेचा विचार दुसऱ्याच आळीत चालला होता. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये सांगितले की, माणूस या महिन्याच्या कमाईवर नव्हे, तर आपल्या लांब पल्ल्याच्या कमाईच्या अंदाजावर खर्च करतो. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, विल्यम विक्री यांनी आयकर एका वर्षाच्या आकड्यावर न बसवता अनेक वर्षांच्या सरासरीवर बसवावा, असे सुचवले होते.

विक्रींचे म्हणणे आपल्या करपत्रिकेवर ताडून पाहू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळून कर शून्य होतो. समजा, एका छोट्या व्यावसायिकाचे करपात्र उत्पन्न दोन्ही वर्षे साडेनऊ लाख आहे. त्याचा दोन वर्षांचा कर शून्य. त्याच्या शेजाऱ्याला एका वर्षी १४ लाख मिळाले आणि पुढच्या वर्षी पाच. बेरीज तीच, १९ लाख. पण हेच दर दोन्ही वर्षांना लावले, तर त्याला चांगल्या वर्षी उपकरासह ९३,६०० रुपये भरावे लागतात आणि वाईट वर्षी त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही. एवढ्या पैशांत घरभराचा आरोग्यविमा काही वर्षे चालला असता. कर बुडवण्याच्या गोष्टी आपण चवीने ऐकतो. नियमाने वागणारा चढउताराच्या कमाईचा माणूस किती जास्त भरतो, हे सांगणारे फार थोडे.

दोन अनिश्चितता दोन आळ्यांत ठेवण्यातली अडचण मल्हारगंजात लगेच दिसते. नोकरदार आजारी पडला तर त्याच्या हाताशी रजा असते. शिलाई करणाऱ्या बाईचा हात मोडला तर दवाखान्याचे बिल आणि बंद पडलेली कमाई एकाच दिवशी दारात येतात. तिच्यापुरते हे एकच संकट असते. कायदे मात्र त्याचे दोन तुकडे करून दोन खात्यांत वाटतात.

इतिहासात ही दोन टोके एकत्र बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न बिस्मार्कच्या जर्मनीत १८८३ मध्ये झाला: मजुरीतून वर्गणी, आजारपणात उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग. ब्रिटनने १९११ मध्ये तोच मार्ग धरला. पुढे बेव्हरिजच्या १९४२ च्या अहवालानंतर १९४८ मध्ये करातून चालणारी, उत्पन्न न विचारणारी आरोग्यसेवा उभी केली. वर्गणीचा विमा आणि कराची सेवा हे या विषयातले दोन मूळ पंथ. तिसरा, बाजारातला विमा घ्या आणि हप्त्याला सरकारी टेकू मिळवा असा, नंतर अमेरिकेत वाढला.

आपल्याकडची सुरुवात एका मराठी माणसाच्या हातून झाली, हे फारसे कोणाला माहीत नसते. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल दिला. लोक त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचा जन्म इंदूरला लागून असलेल्या महूचा. आडारकरांच्या आराखड्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. पन्नाशीच्या दशकातच ती इंदूरच्या कापडगिरण्यांपर्यंत पोहोचली. नंदानगरच्या दवाखान्याला जुने लोक आजही ‘बीमा अस्पताल’ म्हणतात.

या जुन्या कायद्यात एक शहाणपण आहे, आणि लेखिकेने त्यावर पुरेशी पाने खर्च केली याचा मला आनंद वाटतो. गिरणीत बदली कामगार असत. मजुरी महिन्याला हलत असे. म्हणून कायद्याने वर्षाचा आकडा मागितलाच नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड केले. पहिल्यात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबर. आज वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. कालखंडाच्या मध्येच पगार त्यापुढे गेला, तरी कामगार तो कालखंड संपेपर्यंत विम्यातच राहतो. सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरली, तर आजारपणात रोख भत्ता मिळतो. वर्गणी मजुरीच्या टक्क्यात: २०१९ पासून मालकाची ३.२५ आणि कामगाराची ०.७५. मजुरी घटली की वर्गणीही आपोआप घटते. कोणाच्या अंदाजाची गरजच उरत नाही. उत्पन्न हलते आहे हे गृहीत धरून रचलेला असा दुसरा भारतीय कायदा मला आठवत नाही.

त्याची मर्यादाही इंदुरानेच पाहिली. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली आणि कामगारांची थकबाकी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. विमा मजुरीला बांधलेला होता. मजुरी कमी झाली तर तो वाकत असे, पण संपली तेव्हा तुटला. गिरण्यांतून बाहेर पडलेली माणसे फेरीवाले, रिक्षावाले, दुकानांतले मदतनीस झाली. दहांपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानाला ही योजना सहसा लागू होत नाही, आणि जुन्या बाजारातली बहुतेक दुकाने त्या रेषेच्या खालीच आहेत.

कराची वाट १९८६ मध्ये उघडली. सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला, त्याच वर्षी आयकर कायद्यात कलम ८०डी आले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमाचा क्रमांक बदलला, पण सीएच्या टेबलावर ते ८०डीच राहील. कुटुंबाच्या हप्त्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. आता कमाईचा चढउतार असलेल्या घरात याचे काय होते ते पाहा. चांगल्या वर्षी वजावटीने कर वाचतो. वाईट वर्षी कर मुळात शून्य, म्हणून वजावटीची किंमतही शून्य. हप्ता मात्र तेवढाच, किंबहुना वय वाढल्याने जास्त. मदत हवी तेव्हा नसते आणि नको तेव्हा हजर होते.

त्यावर २०२० पासून दोन करप्रणालींचा घोळ. ही वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. पगारदाराला दरवर्षी प्रणाली निवडता येते. धंद्याचे उत्पन्न असलेल्याने जुनी घेतली आणि नंतर नवीत परतला, तर धंदा चालू असेपर्यंत जुनीचे दार त्याला सहसा बंद होते. ज्याचे उत्पन्न स्थिर त्याला दरसाल मुभा, आणि ज्याला पुढचे वर्ष कसे जाईल हे ठाऊक नाही त्याला एकदाच! नियम करणाऱ्यांचा हेतू वारंवार बदलाला आळा घालण्याचा असेल. परिणाम उफराटा झाला आहे.

अनुदानाच्या वाटेवर गेल्या दोन दशकांत बरीच वर्दळ झाली. २००३ च्या सार्वत्रिक आरोग्यविमा योजनेत दिवसाला एक रुपया असा ३६५ रुपयांचा हप्ता होता. पुढच्याच वर्षी ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती उरली. २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना तीस रुपयांच्या नोंदणीवर तीस हजारांचे उपचार देत असे, पुन्हा दारिद्र्यरेषा पाहूनच. ही रेषा आपल्याकडे अभ्यासाचा विषय झाली ती पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या १९७१ च्या लेखनाने. देशात किती दारिद्र्य आहे हे मोजण्यासाठी ती होती. एखाद्या घराला कार्ड द्यावे की नाही हे ठरवायला तिचा वापर सुरू झाला आणि गोंधळ वाढला, कारण घरे त्या रेषेच्या वर-खाली होत राहतात आणि कार्ड एका जागी गोठून राहते.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने उत्पन्नाचा प्रश्न बाजूला ठेवून धंदा विचारला. शहरांसाठी अकरा प्रकारचे व्यवसाय ठरले: घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर, शिंपी व घरबसल्या कारागीर, वाहनचालक, दुकानातले मदतनीस वगैरे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, हप्ता शून्य. कल्पना चांगली होती. पण यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची. त्या वर्षी शिंपी असलेला यादीत आला. त्या वर्षी ज्याचे दुकान चालू होते आणि पुढे बुडाले तो बाहेर राहिला. मध्य प्रदेशाने पुढे असंघटित कामगारांचे ‘संबल’ कार्ड आणि रेशनची पात्रता यांवरून यादी रुंद केली, हे नोंदवायला हवे.

महाराष्ट्रात हाच प्रश्न शिधापत्रिकेच्या रंगाने सोडवला गेला. पिवळी, केशरी, पांढरी. लाखाच्या वर उत्पन्न की पांढरी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आलेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली योजना पिवळ्या-केशरीसाठी होती. अपवाद चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांचा. त्या जिल्ह्यांत शेतीचे उत्पन्न इतके बेभरवशाचे, की कार्डाच्या रंगावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, ही त्या अपवादातली कबुली मला फार महत्त्वाची वाटते. १ जुलै २०२४ पासून रंगाची अटच गेली आणि संरक्षण पाच लाखांवर नेले. गोव्याने तर २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत सुरुवातीपासूनच उत्पन्न न विचारता पाच वर्षांचे वास्तव्य विचारले. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो वा गरीब, आयुष्मान कार्ड मिळू लागले. हे सगळे एकाच दिशेने चालले आहे: आकडा विचारणे सोडून देण्याकडे.

उलट दिशेचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत चालू आहे आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातली स्वतःचा व्यवसाय करणारी मराठी घरे तो रोज अनुभवतात. २०१० च्या कायद्याने तिथे विम्याच्या हप्त्याला करसवलत दिली. ती पुढच्या वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर आधीच मिळते आणि वर्ष संपल्यावर विवरणपत्रात खऱ्या उत्पन्नाशी जुळवली जाते. जास्त कमावले तर जादा मिळालेले परत करा. मूळ कायद्यात दारिद्र्यपातळीच्या चौपट उत्पन्नापाशी सवलत एकदम तुटत असे; २०२१ मध्ये हा कडा तात्पुरता काढला, २०२५ अखेर ती मुदत संपली. २०२६ पासून परतफेडीवरची कमाल मर्यादाही गेली. डिसेंबरमध्ये एक चांगले कंत्राट मिळाले म्हणून वर्षभराची सवलत परत करावी लागू शकते. गंमत अशी, की तिथल्या स्वयंरोजगारवाल्याला हप्ता उत्पन्नातून वजा करता येतो, उत्पन्न बदलले की सवलत बदलते, सवलत बदलली की स्वतः भरलेला हप्ता बदलतो, आणि हिशेब पुन्हा पहिल्या ओळीवर येतो. या चक्रातून सुटण्याची रीत तिथल्या करखात्याला २०१४ मध्ये स्वतंत्रपणे छापून द्यावी लागली.

आज हे पुस्तक का हवे? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार सुमारे तीस टक्के लोक, म्हणजे चाळीस कोटी, कुठल्याच आरोग्य संरक्षणात नव्हते: अनुदानासाठी पुरेसे गरीब नाहीत आणि विमा घेण्याइतके स्थिर नाहीत. नव्या प्रकारची बेभरवशाची कमाईही वाढते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला. त्याआधी २०२४ च्या जुलैमध्ये नितीन गडकरी यांनी नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचे निवेदन पुढे करून अर्थमंत्र्यांना तसे पत्र लिहिले होते. ही माफी तीन लाख कमावणाऱ्यालाही मिळते आणि तीस लाखवाल्यालाही. कोणी दाखला मागत नाही. पण हप्ताच चुकला तर? तीस दिवसांची, मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची सवड. ती टळली की जुन्या आजारांसाठीची तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. मंदीचा एक हंगाम अशा घराला तीन वर्षे मागे नेतो.

विमा कोणता घ्यावा हे सांगणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत. हे त्यांतले नाही. धोरणांचा कोरडा आढावा घेणेही लेखिकेने टाळले आहे. तिने प्रत्येक योजनेला तेच प्रश्न विचारले आहेत: कोणत्या काळाचे उत्पन्न पाहता, ते कोण सांगतो, आणि चुकले तर कोण भरतो. वही, उधारी, गल्ला आणि पासबुक यांच्या भाषेत ती लिहिते. इंदुरी मराठीतले हिंदी शब्द तिने पुसले नाहीत, हे बरे केले. एक उणीव सांगतो. रुग्णालयात दाखल न होता होणारा खर्च, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी, यांवर पुस्तक घाईने पुढे जाते. आणि अशा घरांना पोखरतो तो बहुधा हाच खर्च.

एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. तीन वर्षांची सरासरी हा तिचा आवडता उपाय, कर आणि अनुदान दोन्हींसाठी. करासाठी मला तो मान्य आहे. विक्रींचे म्हणणे त्यामुळेच वर मांडले. अनुदानासाठी तो धोक्याचा आहे. २०२० चा मार्च आठवावा. मागची तीन लग्नसराईची वर्षे बरी गेलेल्या मंडपवाल्याची सरासरी तेव्हा उत्तमच दिसली असती, आणि टाळेबंदीत त्याच्या हातात काहीच नव्हते. कर मागे पाहून बसवता येतो. आजाऱ्याला मदत मागच्या सरासरीवर देता येत नाही; ती आजच्या अवस्थेवर द्यावी लागते, आणि आजची अवस्था मोजता येत नसेल तर न विचारता द्यावी. लेखिकेला हे पटलेले नाही. वाचकाने दोन्ही बाजू वाचून ठरवावे.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक उघडण्यापूर्वी आपल्या घराच्या गेल्या तीन वर्षांच्या कमाईचे आणि दवाखान्याच्या खर्चाचे आकडे महिन्यावार कागदावर मांडावेत, आणि प्रत्येक योजना त्या कागदाला लावून पाहावी. तहसील कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यांनीही हे करावे, त्यांना पगार असला तरी.